थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि दक्षिणेतला फुटबॉल: अटलांटा ते टस्कालूसा

बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४ : अटलांटा

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या दक्षिण भागात यायचे असेल, तर आधी फुटबॉलची तिकिटे काढावीत आणि मग विमानाची, असे माझ्या भाचीने, मृणालने, उन्हाळ्यातच बजावून ठेवले होते. थँक्सगिव्हिंगला लागून येणाऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी विद्यापीठांच्या संघांमधले पिढीजात वैराचे सामने होतात आणि त्या दोन दिवसांत गावेच्या गावे स्टेडियमभोवती गोळा होतात. पुण्यातल्या एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर मी बरीच वर्षे काम केले. ‘तुम्हाला मुंबईच्या खेळाडूंपलीकडे काही दिसत नाही’ अशा आशयाची पत्रे त्या काळात नेमाने येत, आणि ती सगळीच चुकीची नसत. प्रसारमाध्यमांच्या पक्षपाताची हीच तक्रार जिथे एका खेळाच्या चर्चेचा निम्मा भाग व्यापून राहिली आहे, तिथली मैदाने आणि तिथली माणसे जवळून पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. दक्षिणेतली साउथईस्टर्न कॉन्फरन्स म्हणजे एसईसी, मध्यपश्चिमेत रुजलेली बिग टेन, अटलांटिक किनाऱ्याची एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह हे आजचे चार मोठे गट आहेत. पाचवा मोठा गट, पश्चिमेची पॅक-ट्वेल्व्ह, २०२४ मध्ये दहा संघ एकदम निघून गेल्याने जवळजवळ रिकामा झाला. त्याच वर्षी टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत आले आणि प्रशांत महासागराच्या काठावरची चार विद्यापीठे बिग टेनमध्ये दाखल झाली. भूगोलाशी ज्याचा काही संबंध उरलेला नाही असा हा बदल दूरचित्रवाणीच्या पैशामुळे झाला, हे तिथे कोणी लपवीतही नाही.

पहिला दिवस अटलांटातल्या कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमसाठी राखून ठेवला होता. आत शिरताच साडेसातशेहून अधिक हेल्मेटांची तीन मजली भिंत समोर येते. प्रवेशाच्या वेळी आपला आवडता संघ नोंदवला की त्या संघाचे हेल्मेट भिंतीवर उजळते. मृणाल आणि तिचा नवरा समीर दोघेही जॉर्जिया टेकमध्ये शिकलेले, त्यामुळे आमच्या वाट्याला टेकचे सोनेरी हेल्मेट उजळले. शेजारी गडद लाल जाकीट घातलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला फ्लोरिडा स्टेटचे हेल्मेट दाखवत होते. मी भारतातून आलो आहे आणि मला या खेळातल्या भांडणांविषयी लिहायचे आहे हे कळताच ते माझ्याकडे पूर्ण वळले आणि म्हणाले, “मग आमच्यापासून सुरुवात करा.”

त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने आपले तेरापैकी तेरा सामने जिंकले आणि एसीसीचे विजेतेपद मिळवले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पायाला गंभीर दुखापत होऊन बाहेर गेला, तरी उरलेले सामनेही संघाने जिंकले. ३ डिसेंबर २०२३ रोजी निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार जागांसाठी मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि एक सामना हरलेला अलाबामा यांना निवडले. चार संघांची ही पद्धत सुरू झाल्यापासून मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. अलाबामा एसईसीचा. एसईसीचे २०२४ पासूनचे सामने दाखवण्याचे हक्क ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या मालक कंपनीने आधीच विकत घेतलेले, आणि विजेतेपदाची स्पर्धा दाखवणारी वाहिनीही ईएसपीएनच. “पुढे ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने तुम्हाला ६३-३ असे हरवले, तेव्हा समिती बरोबर होती असे लोक म्हणतात,” असे मी विचारले. त्या सामन्यात निम्म्याहून जास्त नेहमीचे खेळाडू उतरलेच नव्हते, आणि डिसेंबरअखेरच्या निकालावरून डिसेंबरच्या सुरुवातीचा अन्याय धुऊन निघत नाही, असे त्यांचे उत्तर होते. मला ते पटले.

हॉल ऑफ फेम नीट पाहायला तीन तास लागतात. सुट्टीच्या आठवड्यात सकाळी दार उघडताच गेल्यास रांग टळते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर : थँक्सगिव्हिंग

या दिवशी सगळे बंद असते, त्यामुळे मुक्काम घरीच होता. मृणालकडे चार मराठी कुटुंबे जेवायला आली होती. भरली वांगी, मसालेभात, रताळ्याचा गोड पदार्थ आणि एका घरून आलेला टर्कीचा तुकडा असा एकत्र बेत होता. जेवणानंतर समीरने मला या व्यवहाराची घडण समजावून सांगितली, आणि पुढच्या प्रवासात मी जे पाहिले ते कळायला तिचा फार उपयोग झाला.

एसईसी नेटवर्क ही वाहिनी २०१४ पासून ईएसपीएनच्या मालकीची आहे. एसीसी नेटवर्कही २०१९ पासून ईएसपीएनचेच आहे. बिग टेन नेटवर्कमध्ये मोठा वाटा फॉक्सचा आहे, आणि बिग टेनने २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला, ज्याची किंमत सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले गेले. त्या करारात ईएसपीएन नाही. म्हणजे खेळाची सर्वांत मोठी बातमी देणारी, दर मंगळवारी निवड समितीची क्रमवारी जाहीर करणारी आणि अंतिम स्पर्धा दाखवणारी वाहिनी ही एका कॉन्फरन्सची जवळची व्यावसायिक भागीदार आहे, आणि दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सशी तिचा आता तसा संबंध उरलेला नाही. “मामा, कोणी निवेदक खोटे बोलतो असे मी म्हणत नाही,” मृणाल म्हणाली, “पण दिवसभर कोणाविषयी बोलायचे हे कोण ठरवते, ते तू बघ.” आपल्या क्रीडा पानावरही हाच प्रश्न असे. खोटे कोणी छापत नसे, पण आठ स्तंभांपैकी सहा कोणाला द्यायचे हे ठरत असे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर : अथेन्स

अटलांटापासून सव्वा तासावरचे अथेन्स हे जॉर्जिया विद्यापीठाचे गाव. जॉर्जिया विरुद्ध जॉर्जिया टेक हे वैर १८९३ पासूनचे आहे आणि किती सामने झाले यावरही दोन्ही संघांचे एकमत नाही. १९४३ आणि १९४४ चे दोन सामने टेक धरते आणि जॉर्जिया धरत नाही, कारण त्या वर्षी आपले बरेचसे खेळाडू युद्धावर होते असे जॉर्जियाचे म्हणणे आहे. टेक हा १९३२ मध्ये एसईसी स्थापन करणाऱ्या संघांपैकी एक होता. १९६४ मध्ये तो बाहेर पडला आणि आज एसीसीत आहे, जॉर्जिया मात्र एसईसीतच आहे. त्यामुळे या सामन्यात शेजाऱ्यांच्या भांडणावर कॉन्फरन्सचे भांडणही चढलेले असते.

दुपारी विद्यापीठाच्या आवारात हिंडलो. गावाकडच्या टोकाला लोखंडी कमान आहे. तिच्याखालून पदवी मिळण्याआधी जाऊ नये असा विद्यार्थ्यांमध्ये संकेत आहे आणि बहुतेक जण तो पाळून बाजूने जातात. सामन्याआधी मोटारींच्या मागच्या बाजूला टेबले मांडून चालणारे खाणेपिणे, म्हणजे टेलगेटिंग, झाडाझाडाखाली चालू होते. आम्ही टेकच्या पिवळ्या टोप्या घातल्या होत्या, तरी तीन ठिकाणी आम्हाला बोलावून बसवले गेले. एका आजीबाईंनी उकडलेल्या शेंगांचा कागदी पुडा हातात ठेवला. मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजवलेल्या त्या शेंगा थेट आपल्याकडच्या भाद्रपदातल्या ओल्या शेंगांसारख्या लागल्या. शाकाहारी माणसाला इथे पिमेंटो चीज लावलेले सँडविच, तळलेली भेंडी आणि या शेंगा यांवर दिवस सहज काढता येतो.

सध्याच्या व्यवस्थेचे मूळही या गावाशी जोडलेले आहे. १९८४ पर्यंत कोणता सामना दूरचित्रवाणीवर दिसेल आणि एखादा संघ किती वेळा झळकेल हे एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ आणि जॉर्जिया विद्यापीठाची क्रीडा संघटना या दोघांनी त्याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक, न्यायमूर्ती बायरन व्हाइट, हे स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलमधले नावाजलेले खेळाडू होते. पैशाच्या मागे लागून विद्यापीठांचा खेळ व्यावसायिक होईल अशी त्यांची भीती होती. चाळीस वर्षांनंतर या आवारातून चालताना मला त्यांचे मत बहुमताच्या निकालाइतकेच महत्त्वाचे वाटले.

सँफर्ड स्टेडियममध्ये त्र्याण्णव हजार माणसे बसतात आणि मैदानाभोवती हिरव्या झुडपांचे प्रसिद्ध कुंपण आहे. सामना रात्री साडेसातला सुरू झाला, थंडी बोचरी होती. मध्यंतरापर्यंत टेक १७-० असा पुढे होता आणि स्टेडियममध्ये कुजबुज ऐकू येईल इतकी शांतता पसरली होती. शेवटची पाचएक मिनिटे उरली तेव्हाही टेककडे चौदा गुणांची आघाडी होती. जॉर्जियाने एक टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. मग टेकचा क्वार्टरबॅक हेन्स किंग चेंडू घेऊन पळत असताना त्याला जोराची धडक बसली आणि चेंडू सुटला. ती धडक हेल्मेटला हेल्मेट लागून झाली आणि म्हणून नियमबाह्य होती, असे आमच्या भोवतीच्या सगळ्या टेक समर्थकांचे ओरडून सांगणे होते. पंचांनी नियमभंग दाखवणारा झेंडा टाकला नाही. जॉर्जियाने बरोबरी साधली, २७-२७.

त्यानंतर जे झाले ते मी क्रीडा पानावरच्या साऱ्या वर्षांत कधी पाहिले नव्हते. बरोबरी झाली की ओव्हरटाइम, म्हणजे जादा डाव, खेळवतात, आणि तिसऱ्या ओव्हरटाइमपासून दोन्ही संघांना आळीपाळीने तीन यार्डांवरून फक्त दोन गुणांचा एकेक प्रयत्न मिळतो. एक चुकला की दुसराही चुके, एक साधला की दुसराही साधे. आठव्या ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने ४४-४२ असा सामना जिंकला. याहून जास्त ओव्हरटाइम झालेला मोठ्या विभागातला एकच सामना आहे, २०२१ मधला इलिनॉय विरुद्ध पेन स्टेट, नऊ ओव्हरटाइमचा. मृणाल बाकावर बसून रडली. तिच्या पुढच्या रांगेतला जॉर्जियाचा एक तरुण मागे वळला, टोपी काढून म्हणाला, “मॅडम, आज तुमचा संघ जास्त चांगला खेळला,” आणि पायऱ्या उतरून गेला.

बाहेर पडताना टेकच्या लोकांचे एकच वाक्य कानावर येत होते: हीच धडक उलट्या बाजूने बसली असती, तर झेंडा पडला असता. एका निर्णयावरून पक्षपात सिद्ध होत नाही, हे मी मृणालला मोटारीत सांगितले. तिने मान्य केले, पण तिचा मुद्दा पुढचा होता. जॉर्जिया हरला असता तर रात्रभर चर्चा ‘एसईसीतला कस लावणारा हंगाम संघाला कसा थकवतो’ याचीच झाली असती, आणि जिंकल्यावर ‘मोठा संघ अखेर मार्ग काढतो’ याची होणार. दोन्हीकडून बोलणे जॉर्जियाविषयीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकले, आणि तिचे म्हणणे बरेचसे खरे निघाले.

जाणाऱ्यांसाठी: स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, तिकीट फोनवरच दाखवावे लागते, आणि एकदा बाहेर पडल्यास परत आत घेत नाहीत. फोनची बॅटरी पूर्ण भरून न्यावी. रात्रीच्या सामन्यानंतर गावाबाहेर पडायला तास-दीड तास लागतो.

शनिवार, ३० नोव्हेंबर : टस्कालूसा

पहाटे समीर आणि मी अटलांटाहून निघालो. अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जाते, त्यामुळे तीन तासांचा रस्ता असूनही सव्वानऊला टस्कालूसात पोहोचलो. डेनी चाइम्स या घड्याळाच्या मनोऱ्यासमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर शेकडो तंबू उभे होते आणि प्रत्येकात मोठा टीव्ही होता. इथे पहिल्यांदा मला मृणालचे वाक्य डोळ्यांनी दिसले. त्या दिवशीचा देशातला सर्वांत जुन्या कीर्तीचा सामना कोलंबसमध्ये होता, मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, आणि तो फॉक्सवर होता. फॉक्सचा सकाळचा कार्यक्रम कोलंबसमधून चालू होता. ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ मात्र टेक्ससमधल्या कॉलेज स्टेशनहून चालू होता, कारण २०११ नंतर प्रथमच होणारा टेक्सस विरुद्ध टेक्सस ए अँड एम हा एसईसीचा सामना त्यांच्याच कंपनीच्या एबीसी वाहिनीवर होता. त्या सामन्यालाही बातमीमूल्य नक्कीच होते. तरीही दोन वाहिन्या, दोन गावे, आणि प्रत्येकीच्या तोंडी ‘आजचा सर्वांत मोठा सामना’ हे शब्द: एकेका तंबूत शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांवर हे एकाच वेळी दिसत होते.

सकाळी अकराला कोलंबसचा सामना सुरू झाला तसे सगळे तंबू त्या पडद्याकडे वळले. मिशिगनचा हंगाम फसलेला होता आणि ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. पंचेचाळीस सेकंद उरले असताना मिशिगनने फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने उंच खांबांमधून पाठवला, आणि १३-१० असा सामना घेतला. अलाबामाच्या तंबूंमध्ये असा जल्लोष झाला की जणू त्यांनीच जिंकला. मग मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवला, मारामारी झाली आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा वापरला. तंबूतल्या लोकांचे लक्ष मात्र लगेच हिशेबाकडे वळले. यंदापासून विजेतेपदाच्या स्पर्धेत बारा संघ घेतले जाणार होते आणि आधीच तीन सामने हरलेल्या अलाबामाला तिथे जागा हवी होती. व्हँडरबिल्टकडून आणि आदल्याच शनिवारी ओक्लाहोमाकडून २४-३ अशी हार पत्करलेला हा संघ होता.

ज्या तंबूत आम्ही बसलो होतो, तिथले सर्वांत वयस्क गृहस्थ १९६६ मध्ये इथे विद्यार्थी होते. पक्षपात हा शब्द मी उच्चारताच त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्या वर्षी प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा अलाबामा एकही सामना हरला नाही आणि एकही बरोबरीत सोडवला नाही. १९ नोव्हेंबर १९६६ रोजी नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला, आणि शेवटच्या मिनिटांत नोत्र दामने जिंकण्याचा धोका न पत्करता चेंडू सांभाळून वेळ काढला. तरीही पत्रकारांच्या मतदानात नोत्र दाम पहिला, मिशिगन स्टेट दुसरा आणि अलाबामा तिसरा आला. अंतिम मतदान तेव्हा नववर्षाच्या सामन्यांआधीच होत असे, त्यामुळे शुगर बोलमध्ये नेब्रास्काला ३४-७ असे हरवूनही काही बदलले नाही. “आज सगळे म्हणतात की माध्यमे आमची आहेत,” ते म्हणाले. “आमच्या तरुणपणी ती शिकागो आणि न्यूयॉर्कची होती.” त्यांचा आवाज कापत होता. अठ्ठावन्न वर्षे झाली तरी ती जखम ताजी होती.

या कथेची दुसरी बाजू त्यांच्या बोलण्यात आली नाही. आदल्या दोन्ही वर्षी पत्रकारांनी अलाबामालाच विजेता ठरवले होते. आणि १९६६ चा तो संघ संपूर्ण गोरा होता, त्या वेळी अलाबामात कृष्णवर्णीय खेळाडूंना स्थान नव्हते. हिरवळीपासून थोड्याच अंतरावर फॉस्टर ऑडिटोरियम आहे. तिथे ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश अडवण्यासाठी दारात उभे राहिले होते. मतदारांच्या मनात त्याचा किती भाग होता हे मोजता येत नाही, पण देशाच्या इतर भागांत अलाबामाचे नाव त्या काळात फक्त खेळासाठी घेतले जात नव्हते. सामन्याआधी मी तिथे जाऊन आलो. दारासमोरच्या चौकाला आता मलोन आणि हूड यांचे नाव आहे. तंबूतल्या गृहस्थांना १९६६ चा प्रत्येक डाव आठवत होता. त्या दाराची आठवणही तितकीच बोलून दाखवली जावी, असे मला फार वाटले.

दुपारी अडीचचा सामना म्हणजे आयर्न बोल, अलाबामा विरुद्ध ऑबर्न. ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये लाखभर माणसे होती. अलाबामाने २८-१४ असा सामना जिंकला, क्वार्टरबॅक जेलन मिल्रोने स्वतः पळून तीन टचडाउन केले. आदल्या रात्रीच्या मानाने हा सामना सरळ होता. शेवटच्या मिनिटांत ‘एसईसी, एसईसी’ असा घोष झाला, आणि तो मात्र विलक्षण वाटला. ज्या ऑबर्नला आताच हरवले तोही एसईसीचाच. घरातले भांडण संपताच बाहेरच्या जगाविरुद्ध ही माणसे एक होतात. बिग टेनच्या स्टेडियममध्ये कॉन्फरन्सच्या नावाचा असा घोष होत नाही, असे समीर म्हणाला.

संध्याकाळी ड्रीमलँड या १९५८ पासूनच्या खाणावळीत समीरने भाजलेल्या बरगड्या आणि पांढरा पाव खाल्ला. माझ्यासाठी तिथे फारसे काही नव्हते. शाकाहारींनी अलाबामात ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागावी, पण पालेभाज्या आणि घेवड्याच्या शेंगा अनेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवलेल्या असतात, हे विचारून घ्यावे. राहण्यासाठी सामन्याच्या शनिवारी टस्कालूसात खोली मिळवण्यापेक्षा तासाभरावरचे बर्मिंगहॅम सोयीचे पडते.

रविवार, १ डिसेंबर : बर्मिंगहॅम

लिजन फील्ड हे जुने स्टेडियम बाहेरून पाहिले. १९४८ ते १९८८ आयर्न बोल दरवर्षी इथे होत असे आणि १९९२ मध्ये एसईसीने आपला पहिला विजेतेपदाचा सामनाही इथेच भरवला. बारा संघ, दोन विभाग आणि शेवटी एक जादा सामना ही कल्पना पुढे सगळ्यांनी उचलली. गावात एसईसीचे मुख्यालयही आहे. ज्या संस्थेने या खेळाचा नकाशा बदलला, तिची इमारत अगदी साधी दिसते.

एसईसीची बाजूही इथे नोंदवली पाहिजे. २००६ ते २०१२ या सात हंगामांचे राष्ट्रीय विजेतेपद सलग याच कॉन्फरन्सकडे राहिले, आणि तेही चार वेगवेगळ्या संघांकडे. ती मैदानावरची कमाई होती, कोणत्याही वाहिनीने दिलेली नव्हती. अडचण त्यानंतरची आहे. या लौकिकामुळे हंगाम सुरू होण्याआधीच्या क्रमवारीत एसईसीचे अनेक संघ वरच्या जागी बसतात. मग ते एकमेकांशी खेळतात, तेव्हा जिंकणाऱ्याला ‘क्रमवारीतल्या संघावर विजय’ मिळतो आणि हरणाराही ‘बलवान संघाकडून हरला’ म्हणून फारसा खाली येत नाही. शिवाय बिग टेनचे संघ कॉन्फरन्समधले नऊ सामने खेळतात आणि एसईसीचे २०२५ पर्यंत आठच खेळत. मोकळ्या राहिलेल्या शनिवारी एखादा दुबळा प्रतिस्पर्धी बोलावता येई. यात कोणाचा कट नसतो, पण परिणाम एकाच बाजूला झुकतो.

सोमवार, २ डिसेंबर : ऑबर्न

परतीच्या वाटेवर ऑबर्नला थांबलो. टूमर्स कॉर्नर हा विद्यापीठाच्या दाराशी असलेला चौक. ऑबर्न जिंकले की लोक तिथल्या ओक वृक्षांवर शौचालयातल्या कागदाच्या गुंडाळ्या फेकतात आणि झाडे पांढरी होतात. हरल्यामुळे त्या दिवशी झाडे स्वच्छ होती. कोपऱ्यावरच्या टूमर्स ड्रग्ज या जुन्या दुकानातले ताजे लिंबू सरबत थंडीतही प्यावे असे आहे.

ही झाडे मूळची नाहीत. २०१० च्या आयर्न बोलमध्ये ऑबर्न जिंकल्यानंतर अलाबामाच्या हार्वी अपडाइक या समर्थकाने जुन्या ओकांना विष घातले. २०११ च्या जानेवारीत त्याने ‘डेडव्हिलचा अल’ या नावाने पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात फोन करून ते स्वतःच सांगितले. झाडे वाचली नाहीत, २०१३ मध्ये काढावी लागली आणि पुढे नवी लावली गेली. फाइनबॉम हे पूर्वी बर्मिंगहॅमच्या वर्तमानपत्रात स्तंभ लिहीत. त्यांचा कार्यक्रम २०१४ पासून एसईसी नेटवर्कवर आहे. दुपारी मोटारीत आम्ही तो लावला. तासभरात आलेले बहुतेक फोन एकाच सुरातले होते: समिती आपल्याविरुद्ध आहे. म्हणजे ज्या वाहिनीवर इतर भागांतले लोक पक्षपाताचा आरोप करतात, त्याच वाहिनीवर एसईसीचे लोक आपल्यावरच्या अन्यायाची तक्रार करत होते. फोन करणारे मनापासून बोलत होते. वाहिनीला मात्र त्या तक्रारीचे दररोज चार तास मिळतात आणि त्या चार तासांत जाहिराती असतात. क्रीडा पत्रकारितेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकताना वाईट वाटते.

मंगळवार, ३ डिसेंबर : अटलांटा

संध्याकाळी मृणालकडे सगळे क्रमवारीचा कार्यक्रम पाहायला बसलो. तीन पराभवांचा अलाबामा अकरावा आणि दोन पराभवांचा एसीसीतला मायामी बारावा आला. कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव जागा असल्याने बारावा क्रमांक म्हणजे बाहेर. निवड समितीचे अध्यक्ष वॉर्ड मॅन्युएल यांनी सांगितले की, क्रमवारीतल्या संघांविरुद्ध अलाबामाने तीन सामने जिंकले आणि एक हरला, मायामीने मात्र असा एकच सामना खेळून तोही गमावला. युक्तिवाद आकड्यांना धरून होता. पण त्या आकड्यातली ‘क्रमवारी’ याच समितीने ठरवलेली होती. मॅन्युएल हे मिशिगन विद्यापीठाचे क्रीडा संचालक असल्याने टस्कालूसातल्या लोकांना तेही आपले वैरी वाटत होते, आणि अटलांटात त्याच संध्याकाळी त्यांना एसईसीचे हस्तक म्हटले जात होते.

मला यात एक गोष्ट खटकते आणि ती सहज सुधारता येण्यासारखी आहे. १९३६ पासून चालत आलेल्या असोसिएटेड प्रेसच्या मतदानात कोणत्या पत्रकाराने कोणाला कितवा क्रमांक दिला हे जाहीर होते. निवड समितीतल्या तेरा जणांपैकी कोणी काय मत दिले हे कळत नाही. आपल्या संस्थेवर चर्चा चालू असताना सदस्य बाहेर जातो, इतकाच नियम आहे. लाखो लोकांच्या विश्वासाचा प्रश्न असताना मते उघड करायला हवीत.

परतल्यानंतर

८ डिसेंबरला रात्री साडेदहाला पुण्यात अंतिम निवड पाहिली. आदल्या रात्री एसीसीच्या विजेतेपदाच्या सामन्यात क्लेमसनने शेवटच्या क्षणी छप्पन्न यार्डांच्या फील्ड गोलने सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला, म्हणजे एसएमयूला, ३४-३१ असे हरवले होते. समितीने एसएमयूला आत ठेवले आणि अलाबामाला बाहेर. अलाबामाचे क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी, यापुढे कॉन्फरन्सबाहेरच्या मोठ्या संघांशी किती सामने घ्यायचे याचा फेरविचार करावा लागेल, असे म्हटले. मृणालचा फोन आला तेव्हा ती आनंदात होती. पण पहिल्या फेरीत एसएमयू पेन स्टेटकडून ३८-१० असा हरला, आणि अलाबामाला घ्यायला हवे होते असे म्हणणाऱ्यांना पुन्हा जोर आला. पण त्याच फेरीतल्या दुसऱ्या एका सामन्यात ओहायो स्टेटने एसईसीच्या टेनेसीला ४२-१७ असे हरवले. ३१ डिसेंबरला टँपामध्ये मिशिगनने अलाबामाला १९-१३ असे हरवले, आणि जानेवारीत विजेतेपद ओहायो स्टेटने नेले.

टँपातल्या निकालानंतर मृणालने विचारले, “मामा, आता त्या आजोबांना काय वाटत असेल?” मी तिला सांगितले की, फ्लोरिडा स्टेटच्या त्या गृहस्थांनी मला जे सांगितले तेच अलाबामालाही लागू पडते: नंतरच्या निकालावरून आधीची निवड बरोबर की चूक हे ठरत नाही. तिला ते आवडले नाही. पुढच्या थँक्सगिव्हिंगला यायचे का यावर मात्र आमचे लगेच एकमत झाले, आणि या वेळी उत्तरेकडे, बिग टेनच्या प्रदेशात जायचे ठरले आहे.